बंदोबस्त वही

आमच्या गल्लीत चोर एकदाच आला. चोराच्या बंदोबस्ताचे किस्से मात्र इतके साठले आहेत, की चहा उकळेपर्यंत एक सांगायचा म्हटला तरी पाहुण्यांना आठवडाभर ठेवून घ्यावं लागेल. मी स्वतः कुणाला सांगत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण यातलं बहुतेक सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, त्यामुळे माझ्याइतकं तपशीलवार कुणाला माहीत नसणार.

गल्ली अंबडची, बसस्टँडच्या मागची, नऊ घरांची. घरांना कुलपं लावायची अक्कल सगळ्यांनाच होती. पण कोपऱ्यावरचे शेळके काका विस्तार अधिकारी म्हणून रिटायर झाले, आणि मग साध्या कुलपावर कुणाचं भागेना.

* * *

सुरुवात गणपतीत झाली. गल्लीच्या जेवणाला घरोघरची भांडी गोळा करायची आमच्याकडे पद्धत आहे. कुणाची परात, कुणाचं पातेलं, कुणाचे डबे. प्रत्येकावर नाव घातलेलं असतं, त्यामुळे हरवायची भीती नसते. त्या वर्षी स्वयंपाक शेळके काकांच्या परसात झाला आणि भांडी कौसाबाईंनी घासली. कौसाबाई गल्लीतल्या पाच घरची धुणीभांडी करायच्या.

दुसऱ्या दिवशी ज्याची त्याची भांडी परत गेली, तेव्हा सहा कमी भरली. त्यात समोरच्या बनसोडे काकूंची परात होती आणि माझ्या आईचा मोठा स्टीलचा डबा होता. डब्यावर 'चि. सौ. कां. सुमन हीस, वडिलांकडून' अशी अक्षरं होती. ते वडील, म्हणजे माझे आजोबा, आता नाहीत. आई त्या डब्यात फक्त दिवाळीच्या चकल्या ठेवायची.

काकांनी ओट्यावर मीटिंग बोलावली. दोनशे पानी कोरी वही आणली आणि म्हणाले, "मास्तरीणबाईंच्या पोरीचं अक्षर चांगलं आहे. बस गं इथं. वर लिही, बंदोबस्त वही."

पहिल्या पानावर मी गेलेल्या भांड्यांची यादी लिहिली. कुणाचं, कोणतं, त्यावर नाव काय, कधी गेलं. मग काकांनी विचारलं, "भांडी शेवटी कोणाच्या हातात होती?"

कौसाबाई पायरीखाली उभ्या होत्या. "म्या समदी घासून काकूंच्या ओट्यावर उपडी घातल्ती. मोजून घ्या म्हन्ले व्हते."

"मला कुठं मोजायला वेळ होता?" शेळके काकू म्हणाल्या. "माझे पाय दुखून राह्यले होते."

"लिही," काका मला म्हणाले. "ठराव पहिला. कौसाबाईस सर्व घरांतून कमी करण्यात येत आहे."

आई म्हणाली, "अहो, पण पाहिलं कोणी?"

"बाई, पाहिलं असतं तर जाऊ दिलं असतं का?" काका म्हणाले. त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. शाळेत साठ पोरांना गप्प बसवणारी माझी आई गप्प बसली. मी ठराव लिहिला. रेघ मारून, समास सोडून, अगदी सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कौसाबाई आमच्या मागच्या दाराशी आल्या. आदल्या आठवड्यात आईने त्यांना एका छोट्या डबीत भाजी दिली होती. ती डबी परत द्यायला आल्या होत्या. घासून लख्ख केलेली, आणि आत मूठभर भुईमुगाच्या शेंगा.

"आता हे कशाला, कौसाबाई," आई म्हणाली. तिला वर बघवत नव्हतं.

"रिकामं भांडं माघारी देऊ न्हाई, बाई," कौसाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

* * *

चोर नाव पडलेल्या बाईला गावात दुसरं कोण काम देणार? कौसाबाई कापूस वेचायला जायला लागल्या. बरोबर संगीताला नेऊ लागल्या. संगीता म्हणजे त्यांची मुलगी. माझ्याच वर्गात, नववीत, माझ्याच बाकावर बसणारी. कौसाबाईंना तिला दहावी करायची होती. पाच घरची भांडी त्या त्यासाठीच घासत होत्या. आता हजेरीत संगीताचं नाव आलं की सर दोनदा हाक मारायचे आणि मग रेघ ओढायचे. अशा रेघा वाढल्या की नाव पटावरून जातं, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

इकडे गल्लीत मात्र गंमत अशी झाली, की कौसाबाई बंद झाल्या तरी भांडी जायची थांबली नाहीत. दिवाळीत फराळाची ताटं घरोघर फिरली, तेव्हा एक पितळी डबा गेला. संक्रांतीला दोन वाट्या गेल्या. मी भीत भीत काकांना म्हणाले, "काका, आता तर कौसाबाई येतच नाहीत."

काकांनी चष्मा वर केला. "तेच म्हणतो मी. येत नाही, तरी नेते. म्हणजे बघ किती तयारीची बाई आहे."

हे वाक्यसुद्धा त्यांनी वहीत लिहून घेतलं.

* * *

मग ग्रिल. काकांनी हमीदभाई वेल्डरला बोलावलं आणि सांगितलं, की खिडक्यांना असं ग्रिल कर की मांजराचा पंजासुद्धा आत जाऊ नये. हमीदभाईंनी तसं केलं. ते एवढं बारीक झालं, की दूधवाल्याची पिशवीही आत जाईना. पण तो मुद्दा नाही. काकांना खिडकीची दारं आतल्या बाजूला उघडायची होती, म्हणून ग्रिल बाहेरून लावायचं ठरलं.

हमीदभाई म्हणाले, "साब, बाहर से कसा तो बाहर से-च खुलेगा. नट बाहर कू आते."

"येऊ द्या. चोराकडं काय पाना असतो?"

"नै रहा तो मेरे पास से ले जाता, साब," हमीदभाई हातोडी खाली न ठेवता म्हणाले. "मैं तो मांगे उसकू देतूं."

काकांना ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. ग्रिल बाहेरूनच बसलं. वर हिरवा रंग दिला. दर रविवारी काका बाहेर उभे राहून बोटाने नट हलवून बघायचे, आणि एखादा ढिला लागला की हमीदभाईंकडूनच पाना मागून आणायचे.

* * *

भिंतीवर काचा लावायचं ठरलं, तेव्हा प्रत्येक घराने दोन-दोन रिकाम्या बाटल्या द्याव्यात असा ठराव झाला. कुणी सरबताच्या दिल्या, कुणी फिनेलच्या. आईने औषधाच्या दोन आणल्या. सगळ्या मिळून काकांच्या कुंपणाची एक बाजूही भरेना.

मग काकू म्हणाल्या, "माळ्यावर पाहा की, कायबाय असंल." काका म्हणाले, "माळ्यावर काही नाही." काकू म्हणाल्या, "आहे." गवंडी तोपर्यंत शिडी लावून वर चढलेला होता. त्याने एक गोणी खाली सोडली, मग दुसरी. दोन्ही भरलेल्या, आणि त्यातली एकही बाटली सरबताची नव्हती.

सव्वीस जानेवारीला शाळेत येऊन व्यसनमुक्तीवर भाषण करणाऱ्या काकांनी गोणीचं तोंड आवळलं. मग म्हणाले, "आधीच्या भाडेकरूच्या दिसतात."

सगळे "हो, हो" म्हणाले. घर काकांनी स्वतः बांधलेलं आहे. त्यात भाडेकरू कधी राहिलाच नाही. कुंपण मात्र चारही बाजूंनी पूर्ण झालं.

* * *

लोक बेसावध आहेत हे सिद्ध करायला काकांनी एकदा भरदुपारी स्वतःच चोर व्हायचं ठरवलं. आई शाळेत होती. मी परसात अभ्यास करत बसले होते. काका चपला हातात घेऊन, वाकून, कुंपणाच्या फाटकातून आत आले. आमची नवी बादली उचलली आणि वाकूनच निघून गेले. मी सगळं बघत होते. रोज ज्यांना "काका, चहा घ्या" म्हणते, त्यांना "अहो चोर" म्हणायचं की काय, ते मला सुचेना. म्हणून मी काहीच म्हणाले नाही.

संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "हिच्या डोळ्यांदेखत बादली नेली. पोरगी हूं का चूं करत नाही. अशानं चोरांचं फावतं. लिही, बादलीची चोरी, प्रात्यक्षिक." मी माझ्याच फजितीची नोंद माझ्याच हाताने केली.

बादली काही परत आली नाही. तिसऱ्या दिवशी आई मागायला गेली, तर ती काकूंच्या मोरीत पाण्याने भरलेली.

"राहू द्या की दोन दिवस," काकू म्हणाल्या. "आमची गळून राह्यली."

* * *

यातला एक किस्सा मला हसत सांगता येत नाही, पण वहीचाच आहे म्हणून सांगते.

फेब्रुवारीत एक दिवस संगीता शाळेत आली. माझ्या बाकावर न बसता शेवटच्या बाकावर बसली. भूमितीच्या तासाला माझा कंपास सापडेना. मी शेजारच्या मुलीला अगदी हळू म्हणाले, "कंपास गेला माझा." एवढंच. पण तिने मागे वळून पाहिलं, मग पुढचीने पाहिलं, आणि मग सगळा वर्ग शेवटच्या बाकाकडे बघायला लागला. आमच्या गल्लीचा ठराव वर्गात कधी पोहोचला होता, देव जाणे.

संगीताने कुणी न सांगता दप्तर बाकावर उपडं केलं. दोन वह्या, अर्धी पेन्सिल आणि भाकरीचं फडकं. मग तिने सगळं पुन्हा आत भरलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवसापासून ती परत आली नाही.

कंपास शेळके काकांच्या ओट्यावर होता. वहीत रेघा मारायला मीच तिथे नेला होता आणि विसरले होते. काकांनी त्यावर पांढऱ्या रंगाने ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'बंदोबस्त'.

मी तो तसाच घरी आणला. संगीताच्या घरी जाऊन सांगावं असं रोज ठरवायचे आणि रोज तिच्या घरावरून मान खाली घालून पुढे जायचे.

* * *

रामनवमीला अख्खी गल्ली जांब समर्थला निघाली. मेटॅडोर ठरवला होता. सकाळी सातला निघायचं होतं. काका नऊला तयार झाले, कारण घराला कुलपं लावायची होती. पुढच्या दाराला तीन, सरकत्या जाळीला एक, फाटकाला एक. टीव्ही सायकलच्या साखळीने खिडकीच्या ग्रिलला बांधला. त्यालाही कुलूप. चोरांनी न्यायला नको म्हणून काकूंनी सगळं सोनं अंगावर घातलं आणि ते दिसायला नको म्हणून एप्रिलच्या उन्हात वरून शाल पांघरली.

मागच्या दाराचा प्रश्न काकांनी आधीच सोडवला होता. कौसाबाई त्या दाराने यायच्या, म्हणून ते दारच काढून विटांनी बुजवायला घेतलं होतं. गवंडी विटा रचून गेला, पण सिमेंट घेऊन परत आला नाही. काका म्हणाले, "बाहेरून बघणाऱ्याला काय कळतंय?"

घनसावंगीच्या अलीकडे काकांना आठवेना, की फाटकाचं कुलूप ओढून पाहिलं की नाही. मेटॅडोर मागे फिरवला. कुलूप व्यवस्थित होतं. आम्ही जांबला पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते, जन्म झाला होता, पाळणाही झाला होता. पुजाऱ्यांनी ताटात उरलेला सुंठवडा चिमूट चिमूट वाटला. बनसोडे काकू म्हणाल्या, "देवाचं दर्शन हुकलं, कुलपाचं दोनदा झालं."

संध्याकाळी परत आलो. पाचही कुलपं जागच्या जागी. टीव्ही साखळीला. फक्त मागच्या भिंतीला दाराएवढं भोक होतं, आणि विटा बाजूला एकावर एक रचून ठेवलेल्या. गवंड्याने रचल्या होत्या त्यापेक्षा नीट.

हमीदभाई बघायला आले. म्हणाले, "अच्छे घर का चोर था, साब. कचरा नै किया."

घरातलं इतर काही गेलं नव्हतं. माळ्यावरची भांड्यांची गोणी तेवढी गेली होती.

* * *

आठ दिवसांनी पोलीस ठाण्यातून निरोप आला. शहागडला हायवेवर दोन माणसं एका भंगारवाल्याला गोणी विकत होती. भांड्यांवरची नावं बघून भंगारवाल्याने कळवलं आणि दोघं धरले गेले. भांडी ओळखायला या, म्हणाले. काका-काकू, बनसोडे काकू आणि आई असे सगळे गेले. काकांनी मला मुद्दाम बरोबर घेतलं, वहीसकट.

ठाण्यात कौसाबाई आधीच येऊन भिंतीशी खाली बसल्या होत्या. चोरांना खबर त्यांनीच दिली असणार असं काकांनी तक्रारीत लिहिलं होतं. मागच्या दाराची माहिती दुसऱ्या कुणाला? दाराबाहेर पायरीवर संगीता उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"साहेब, पुरावा आणलाय," काका म्हणाले आणि वही जमादारांपुढे ठेवली. "गणपतीपासूनचा सगळा रेकॉर्ड आहे."

जमादारांनी वही उघडली. "अक्षर कोणाचं?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "चांगलं आहे," ते म्हणाले आणि ठराव पहिला मोठ्याने वाचला. कौसाबाई जमिनीकडे बघत होत्या.

मग जमादारांनी गोणी टेबलावर ओतली. "काकू, यातली तुमची भांडी कोणती?"

"सगळी आमचीच," काकू म्हणाल्या. "माळ्यावरची."

"सगळी?"

"मंग काय, दुसऱ्याची कशाला ठेवू?"

जमादारांनी वरची परात उचलली. खालून कौसाबाई हळूच म्हणाल्या, "ती बनसोडे काकूची हाय. काठाला पोचा हाय बगा."

जमादारांनी परात फिरवली. "बनसोडे, वास्तुशांत," त्यांनी वाचलं. बनसोडे काकूंनी "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला.

त्यांनी पातेलं उचललं. "ते गणपतीच्या मंडळाचं. बुडाचं भोक झाळलंय," कौसाबाई म्हणाल्या. कौसाबाईंना वाचता येत नाही. जमादार एकेक भांडं उचलत गेले, त्या सांगत गेल्या, आणि मग जमादार वरचं नाव वाचत गेले. एकही चुकलं नाही. प्रत्येक नावाला ते वहीचं पहिलं पान बघून पेन्सिलीने खूण करत होते. गणपतीतल्या सहापैकी पाच झाल्या. पुढच्या पानावरचा दिवाळीतला पितळी डबा झाला. संक्रांतीच्या वाट्या झाल्या.

काका काकूंकडे बघत होते. काकू पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "रिकामं भांडं कसं परत द्यायचं? काहीतरी करून घालावं, मंग द्यावं, म्हणून राह्यले होते."

जमादारांनी पेन काढलं. काकांची तक्रार समोर ओढली. "मंग साहेब," ते काकांना म्हणाले, "चोरीची तारीख काय लिहू? रामनवमी, का गणपती?"

काका पंख्याकडे बघत राहिले. लाइट नव्हती, पंखा बंद होता.

"तुमचं काम झालं, मावशी," जमादार कौसाबाईंना म्हणाले. "राह्यलेला तो डबा तेवढा बाईंना दाखवा, आणि जा."

कौसाबाई उठल्या. भांड्यांच्या ढिगातून त्यांनी आईचा डबा काढला. पदराने सगळीकडून पुसला. झाकण उघडून आत पाहिलं, आणि तसाच उघडा आईपुढे धरला.

"बगा बाई," त्या म्हणाल्या, "रिकामाच हाय."